पिशवीत काय सापडलं

आमच्या घरात इंग्रजी संध्याकाळी येतं. दिवसभर मी मधल्या खोलीत शिवणयंत्रावर शाळांचे गणवेश शिवते, आणि दिवस कलला की पुढच्या खोलीत सूनबाईचा वर्ग भरतो. दोन्ही खोल्यांच्या मधे फळ्यांची भिंत आहे. भिंत म्हणायचं ते आपलं समाधानासाठी. पलीकडे कोणी खोकलं तर मला इकडून पाणी द्यावंसं वाटतं.

वर्गाला येतात ती पोरं नव्हेत. दिवसभर राबून, अंगात त्राण नसताना येणारी मोठी माणसं. एक नर्स आहे, तिचे पाय सुजतात म्हणून ती चपला काढून बसते. एक ट्रकवाला आहे. कपड्यांच्या दुकानातल्या दोन मुली, एक वॉचमन, अशीच आणखी कितीतरी, आणि बँकेतला एक शिपाई. हा शिपाई एवढ्या शंका विचारतो की सगळे त्याला शंकासुर म्हणतात, आणि तोही ओ देतो. कुणाला बढती हवी असते, कुणाला परदेशी जायचं असतं, कुणाला नुसतं स्वतःच्या मुलांपुढे खाली बघायला नको असतं. सूनबाई वाक्य म्हणते, मग सगळे एका सुरात म्हणतात. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. इंग्रजी मला कळत नाही. मी चौथी पास आहे, तीही मास्तर कंटाळले म्हणून. पण आपल्या भाषेतलं कळायला कान पुरतात.

पूर्वी ती वाक्यं निरुपद्रवी होती. मुलगी गाणं गाते. मुलगी गाणं गात आहे. मुलीने गाणं गायलं आहे. मुलगी सकाळपासून गात आली आहे. वर्षानुवर्षं ती मुलगी गात होती आणि कोणी तिला पुरे म्हणत नव्हतं. मी तेवढ्या वेळात दोन कॉलर लावून मोकळी व्हायची.

मग सूनबाईला पुस्तक लिहायचं काम आलं. परीक्षांची गाइडं छापणारा एक जण आहे, त्याला आम्ही पुस्तकवाला म्हणतो. इंग्रजीतल्या काळांवर तिने लिहिलेली पानं त्याने वाचली, घरी आला, आणि म्हणाला, "बाई, नियम सगळे बरोबर आहेत. पण तिसऱ्या पानावर मला झोप लागली."

"व्याकरण आहे ते," सूनबाई म्हणाली.

"म्हणूनच गोष्टीतून सांगा. एकच माणूस घ्या आणि सगळे काळ त्याच्यावर चालवा. पहिल्या ओळीत वाचकाचा हात धरायचा. प्रश्न टाकायचा, उत्तर दाबून ठेवायचं. धडा संपला की वाचक जिन्यावर एक पाय उचलून उभा राहिला पाहिजे. पाय टेकवायची पायरी पुढच्या धड्यात."

"आणि तोल जाऊन पडला तर?" मी आतून विचारलं.

"पडला तर पुस्तक विकत घेतो, आजी," तो म्हणाला.

माणूस हजरजबाबी होता. असली माणसं मला आवडत नाहीत, कारण घरात ते काम मी करते.

तर एक माणूस घ्यायचा. सूनबाईच्या डोळ्यांपुढे दिवसरात्र एकच माणूस होता. माझा मुलगा, तिचा नवरा.

तो टायरच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचा. एकदा माल कमी भरला. पाळी सुटताना सगळ्यांच्या देखत त्याला गेटवर थांबवलं आणि त्याची पिशवी टेबलावर उलटी केली. रिकामा डबा पडला आणि घामाचा रुमाल पडला. तपासणाऱ्याने दोन्ही आत कोंबून पिशवी त्याच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. काही दिवसांनी कळलं की मोजण्यातच चूक होती. पण ते साहेबांच्या खोलीत कळलं, गेटवर नाही. माझा मुलगा त्या संध्याकाळी घरी आला, मधल्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसला, आणि वर्ष उलटलं तरी तिथेच आहे. जेवतो, झोपतो, विचारलं तर हं म्हणतो. बोलावणं आलं तरी कामावर गेला नाही. मी त्याच्याशी गोड बोलून पाहिलं. ते मला जमत नाही. मग जमतं तसं बोलून पाहिलं. खुर्ची हलली नाही.

आणि एका संध्याकाळी भिंतीपलीकडून वीस-पंचवीस माणसं एका सुरात म्हणाली, "एक माणूस खिडकीशी बसतो."

माझा पाय यंत्राच्या पायट्यावरच थांबला.

"तो माणूस खिडकीशी बसला आहे. तो सकाळपासून खिडकीशी बसून राहिला आहे."

मी मुलाकडे पाहिलं. तो बाहेर बघत होता. कान लाल झाले होते की उन्हामुळे तसे दिसत होते, देव जाणे. मी यंत्र जोरात चालवलं, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये. एका शर्टाला दोन ठिकाणी चुण्या पडल्या.

तेव्हा मी काही बोलले नाही. मी गप्प बसले की घरातले कपाळाला हात लावून ताप बघतात, पण खरंच गप्प बसले. घर त्या वर्गावर चालत होतं. गणवेशाचं काम वर्षातून तीन महिने, बाकी उसवणं आणि काजं करणं. शिवाय तिने नाव घेतलं नव्हतं. खिडकीशी काय एकटा माझाच मुलगा बसतो? आणि सून थकलेली होती. रात्री भांडी घासतानाही पुटपुटायची, बसेल, बसत असेल, बसलेला असेल. अशा माणसाला बोलायचं तरी काय.

वर्ग मात्र वाढला. माणसं वेळेआधी येऊन बसायला लागली. तो खिडकीतून काय बघतो, त्याला कोण हाक मारतं, तो ओ का देत नाही, हे त्यांना हवं होतं. पुस्तकवाल्याची पायरी चांगलीच लागू पडली होती.

मग भूतकाळ आला. शुक्रवार होता.

"त्यांनी त्याला गेटवर थांबवलं," वर्ग म्हणाला. "ते त्याला थांबवत होते तेव्हा पाळी सुटत होती. त्याआधीच त्यांनी गेट लावून घेतलं होतं. त्यांनी त्याची पिशवी उघडली."

आणि सूनबाईने हातातली पानं मिटली.

"पिशवीत काय सापडलं?" ती म्हणाली. "सोमवारी."

पलीकडे एकच गलका झाला. "मॅडम, हे काही बरोबर नाही," ट्रकवाला म्हणत होता, "माझी सोमवारी गाडी आहे, मी येणार नाही, मला आत्ताच कानात सांगा." सगळे हसले. शंकासुराने विचारलं, पिशवी कापडी होती की चामड्याची. जिना उतरतानाही त्यांचं तेच चाललं होतं.

माझा मुलगा खिडकीशीच होता. त्याने मान वळवली आणि भिंतीकडे बघितलं. एवढंच.

शनिवारी सकाळी मी दूध आणायला गेले. डेअरीवाली बाई माझ्याच वयाची. तिची भाची कपड्यांच्या दुकानातली, आमच्या वर्गाला येणारी.

"काय हो," डेअरीवाली मापं धुता धुता म्हणाली, "मग काय सापडलं पिशवीत?"

"कुणाच्या?"

"आता कुणाच्या म्हणे. काल रात्री भाचीनं जेवू दिलं नाही आम्हाला. तिचे काका, म्हणजे आमचे हे, म्हणतात पैसे. मी म्हणते पैसे कशाला ठेवतील गोदामात? मालच असणार. ट्यूबा नाहीतर झडपा, खिशात मावेल असलं काहीतरी."

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काहीतरी सापडल्याशिवाय धडा कशाला लिहितील?"

"धड्यात नाव आहे का कुणाचं?" मी विचारलं.

"नाव कशाला हवं," डेअरीवाली म्हणाली. आवाज जरा उतरवला तिने. "गल्लीत सगळ्यांना माहीत आहे ना, तुमच्याकडे खिडकीशी कोण बसतं ते."

"तुमच्या दुधात काय सापडतं तेही गल्लीत सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणाले. "त्याचा धडा कोणी लिहीत नाही, ही मेहेरबानी समजा."

दूध न घेताच घरी आले. अख्खं वर्ष मी लोकांचे नुसते डोळे सोसले होते. पिशवीबद्दल तोंड उघडायची हिंमत कुणाला झाली नव्हती, ते माझ्या जिभेच्या धाकाने. आता माझ्याच घरातून त्यांना परवानगी मिळाली होती.

सूनबाई चहा गाळत होती. मी म्हणाले, "सोमवारपर्यंत माझा मुलगा चोर आहे, ठाऊक आहे का तुला?"

ती थांबली. "कोण म्हणालं?"

"दूधवाली म्हणाली, तिचा नवरा म्हणाला, मागे उभा असलेला एक उपटसुंभ म्हणाला. पैजा लागल्यात. तू त्यांना अर्ध्यावर सोडलंस ना, त्यांनी उरलेलं स्वतःच भरून घेतलं."

"आई, सोमवारी मी..."

"सोमवारी काय? पुस्तकवाल्याच्या पायरीसाठी नवऱ्याला टेबलावर उलटं केलंस. त्या गेटवरच्यांनी एकदा केलं, तू रोज वर्गाकडून घोकून घेतेस."

"तसं नाही. माझं ऐकून तर घ्या. सोमवारच्या धड्यात..."

"त्याला काढ पुस्तकातून. आजच्या आज."

"आणि त्याच्या जागी कोण? पुस्तकवाल्याला मंगळवारी पानं द्यायची आहेत. मी काय हवेतून माणूस आणू?"

"मला घाल," मी म्हणाले.

तिने गाळणं खाली ठेवलं. "तुम्हाला?"

"का? मी खिडकीशी बसत नाही, पण माझ्यावर काळ कमी चालतील होय? लोकांना हसायला हवंय ना, हसू देत. सासूवर हसायला माणसं पदरचं भाडं खर्चून येतील. माझं काही झिजत नाही."

तिला काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं तिने. पण मी एकदा बोलायला लागले की समोरच्याचं वाक्य अर्धंच राहतं, हे या घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलंय. तिने कप माझ्यापुढे सरकवला. "बरं," म्हणाली. इतक्या दमलेल्या आवाजात, की मी जिंकले असं मला वाटलंच नाही.

सोमवारी वर्ग खच्चून भरला. ट्रकवालाही आला होता, गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारून. सूनबाई म्हणाली, तो धडा रद्द, आता नवीन माणूस. कुरकुर झाली. मग पहिलं वाक्य आलं.

"सासूबाई बोलतात."

कोणीतरी खुदकन हसलं.

"सासूबाई बोलत आहेत. सासूबाई सकाळपासून बोलत आल्या आहेत. पाहुणे आले तेव्हा सासूबाई बोलत होत्या. पाहुणे जाण्याआधी सासूबाईंनी सगळं बोलून टाकलं होतं."

भिंत हलेल इतके हसले. नर्सबाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मी यंत्र चालवत होते. खोटं कशाला बोलू, वाक्यं चांगली होती. स्वतःबद्दल पंचवीस माणसं एका दमात बोलताहेत हे ऐकणं काही सोपं नाही, पण मी मान ताठ ठेवली. लेकरासाठी बाई काय काय करते. मुलाकडे बघितलं, वाटलं, जरा तरी बरं वाटलं असेल त्याला.

तो उठून आत झोपायला गेला होता. एवढ्या लवकर तो कधी उठत नसे.

मंगळवारी दुपारी मी काजं करत होते तेव्हा तो बोलला. त्याचा आवाज इतके दिवस वापरात नव्हता की आधी मला वाटलं, खाली रस्त्यावर कोणी आहे.

"आई, माझा धडा का थांबवला?"

मी सुई कापडात तशीच ठेवली. "मी थांबवायला लावला. लोक वाटेल ते बोलत होते."

"काय बोलत होते?"

"जाऊ दे."

"पिशवीत काय सापडलं म्हणून?"

मी सुई पुन्हा कापडातून ओढली.

"वर्षभर तेच बोलतायत," तो म्हणाला. "तुझ्यापुढे नाही बोलत, इतकंच. मी खिडकीत बसतो ना. खालून जाणारे वर बघतात, मग एकमेकांकडे बघतात."

"म्हणून तर काढलं तुला."

"अगं, पण सोमवारी ते उत्तर म्हणणार होते." त्याने हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला होता, तो घट्ट झाला. "गेटवर त्या माणसाने पिशवी परत दिली आणि पुढच्याला बोलावलं. काही सापडलं नाही, हे तो म्हणालाच नाही. मागचे लोक टाचा उंचावून बघत होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही. मी वाट बघत उभा राहिलो थोडा वेळ, की आता म्हणेल. त्याने मला बाजूला व्हा म्हटलं."

हे त्याने वर्षभरात मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं असं नाही, पण मी विचारते म्हणजे कसं विचारते हे त्यालाही माहीत आहे.

"सोमवारी पंचवीस माणसं ओरडून म्हणाली असती," तो म्हणाला. "मला ऐकायचं होतं."

मग तो पुन्हा खिडकीकडे वळला. एवढं बोलूनच दमला होता बिचारा.

सूनबाई भाजी घेऊन आली तेव्हा मी तिला दारातच गाठलं. या वेळी मी तिला पूर्ण बोलू दिलं.

"यांना विचारलं होतं मी," ती पिशव्या खाली ठेवत म्हणाली. "हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी आपणहून म्हणाले, डबा धुतलेला होता, ते लिही. तेवढंच. सगळा भूतकाळ मी त्या सोमवारच्या वाक्यासाठी लिहिला, आई. शुक्रवारी सोडून देऊ नये असं मलाही वाटत होतं. पण पुस्तकवाला म्हणाला, उत्तर लगेच दिलं तर ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि मला तर ते लक्षात राहायला हवं होतं."

"मग शनिवारी सांगायचंस."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि शनिवारी मी तोडलेलं तिचं वाक्य मला आठवलं.

"उद्या घे तो धडा," मी म्हणाले.

"घेते. पण आता त्यांना सासूबाई हव्यात. जिन्यातून हसत येतात. मधेच पिशवी काढली तर तीही गंमतच होईल त्यांना."

"होणार नाही. मी आहे."

पुस्तकवाल्याने पानं दोन दिवस थांबवली. फोनवर कुरकुरला, सासू फार चांगली चालली असती म्हणाला. मी फोन घेऊन सांगितलं, सासू कुठे जात नाही, तिलाही छाप, पण दुसऱ्या धड्यात.

बुधवारी वर्ग बसला तेव्हा मी पडदा सारून पुढच्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत वर्ग चालू असताना मी तिथे पाय ठेवला नव्हता. सगळे माझ्याकडे बघून आधीच हसायच्या तयारीत. मी काय मोठं भाषण करणार? गुडघे दुखत होते, भिंतीला टेकूनच उभी राहिले.

"मी ती सासूबाई," मी म्हणाले. "माझ्यावर हसलात, आणखी हसा, मला फरक पडत नाही. पण शुक्रवारी जी पिशवी तुम्ही उघडी टाकून गेलात ती माझ्या मुलाची आहे. तो पलीकडे बसलाय. आजचा धडा नीट म्हणा. मोठ्याने म्हणा, त्याला ऐकू जायला हवं."

कुणी हसलं नाही. डेअरीवालीची भाची ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ट्रकवाल्याने टेकवलेली पाठ सरळ केली.

शंकासुराने हात वर केला. "आजी, राग मानू नका. पण मग माल कुठे गेला?"

माझ्या जिभेवर जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते बाहेर पडणार तोच फळ्यांच्या मागून आवाज आला.

"मोजायला चुकले होते."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. नुसत्या फळ्या होत्या तिथे, आणि सूनबाईने टांगलेला फळा. शंकासुराने हात हळूच खाली घेतला आणि भिंतीकडेच बघून म्हणाला, "हां. बरं साहेब."

सूनबाईने पानं उचलली. तिने पहिलं वाक्य म्हटलं. वर्ग तिच्या मागून म्हणाला. त्यांनी पिशवी उघडली. पिशवीत धुतलेला डबा होता. पिशवीत रुमाल होता. मग ते इंग्रजीतलं, दे फाउंड नथिंग, आणि लगेच आपल्या भाषेत, "त्यांना काही सापडलं नाही."

दिवसभर राबलेल्या माणसांचा आवाज काही मोठा नसतो. तरी खिडकीतून खाली रस्त्यावर गेला असेल, असं मला वाटतं.

मग नर्सबाई म्हणाली, "मॅडम, परत एकदा घ्या. माझं नीट आलं नाही." तिचं नीट आलं होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते.

त्यांनी ते परत म्हटलं.

मी आत आले. तो खुर्चीतच होता, उठला वगैरे काही नव्हता. खिडकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला काही विचारायचं होतं, पण पलीकडे तिसऱ्यांदा सुरू झालं होतं आणि तो ऐकत होता. मी यंत्रावर बसले. मघाशी गडबडीत एक कॉलर उलटी लागली होती, ती उसवायला घेतली.